स्टर्लिंग शिल्लक : ब्रिटिशांनी ठेवलेला खजिना की भारताचे थकलेले येणे?

१/
भारताच्या स्वातंत्र्याची चर्चा निघाली, की एक आकडा हमखास पुढे येतो : १,७०० कोटी रुपये. एका बाजूचे म्हणणे असे, की ब्रिटिश जाताना एवढी रक्कम भारताच्या नावे लंडनमध्ये ठेवून गेले आणि नव्या राज्यकर्त्यांनी ती दहा-बारा वर्षांत उधळली. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की ब्रिटनने ती रक्कम गिळंकृत केली. आकडा साधारण खरा आहे. मात्र ही रक्कम मुळात जमली कशी, हा प्रश्न दोन्ही बाजू सोडून देतात. त्या प्रश्नाचे उत्तर हाती नसेल, तर ती कोणी उधळली याचा वाद निरर्थक ठरतो. या मालिकेत ते उत्तर.

२/
इतिहासात या रकमेचे नाव ‘स्टर्लिंग शिल्लक’ असे पडले. रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाने लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने बाळगलेल्या ठेवी आणि ब्रिटिश सरकारचे रोखे, असे तिचे स्वरूप होते. ‘शिल्लक’ या शब्दातच गफलत आहे. शिल्लक म्हटले, की खर्च भागवून उरलेली बचत डोळ्यांपुढे येते. व्यापाऱ्याच्या खतावणीत अशा रकमेला वेगळा शब्द आहे : येणे. माल दिला, पैसे मिळायचे आहेत. भारताने युद्धकाळात ब्रिटनला माल आणि सेवा दिल्या. मोबदल्यात वचनाचा कागद मिळाला. हे येणे बंगालपासून कोकणापर्यंतच्या गरिबांच्या पोटाला चिमटा घेऊन उभे राहिले होते.

३/
भारताचा पैसा लंडनमध्ये ठेवण्याची रीत त्याहून बरीच जुनी. १८९३ मध्ये सरकारी टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद झाल्या आणि रुपयाची किंमत पौंडाशी बांधली जाऊ लागली. रुपये पाडण्यातून होणाऱ्या नफ्यातून ‘सुवर्णमान निधी’ उभा राहिला. तो ठेवला गेला प्रामुख्याने लंडनमध्ये, ब्रिटिश रोख्यांत. निधी भारताचा, पण त्याचा उपयोग लंडनच्या पैशाच्या बाजाराला. भारतीय नेत्यांनी आणि व्यापाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षे आक्षेप घेतला. पैसा ज्याचा त्याच्या घरात का नाही, हा त्यांचा साधा सवाल होता.

४/
या व्यवस्थेबद्दल दोन अर्थशास्त्रज्ञांची मते शेजारी ठेवून वाचावीत. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ मधील आपल्या ग्रंथात भारताच्या सुवर्ण विनिमय पद्धतीची प्रशंसा केली : सोने देशात खेळवण्याची गरज नाही, परदेशातील ठेवींवर चलन स्थिर ठेवता येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधात नेमके उलट मांडले. विनिमयाचा दर स्थिर असला म्हणून रुपयाची देशातील क्रयशक्ती स्थिर राहत नाही, आणि चलन काढणाऱ्याच्या हातावर या पद्धतीत पुरेसे बंधन नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप. पुढे वीस वर्षांनी या आक्षेपाची परीक्षा झाली.

५/
१९३४ चा रिझर्व्ह बँक कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली. नोटांच्या मागे तारण हवे. त्यातील किमान ४० टक्के भाग सोने आणि स्टर्लिंग रोखे यांचा असावा, असे कायद्याने ठरवले. सोने किमान ४० कोटी रुपयांचे हवे होते. येथे एक बारकावा महत्त्वाचा. स्टर्लिंग किती कमी असू नये, हे कायदा सांगत होता. किती जास्त असू नये, हे सांगत नव्हता. शिवाय १ रुपयास १ शिलिंग ६ पेन्स या दराच्या आसपास समोर येणारे पौंड विकत घेणे बँकेला बंधनकारक होते. एक पौंड म्हणजे १३ रुपये ५ आणे ४ पै.

६/
सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले. भारतीयांना न विचारताच देश युद्धात ओढला गेला, हे सर्वज्ञात आहे. त्यानंतर दोनच महिन्यांनी झालेला आर्थिक करार मात्र फारसा कोणाला माहीत नसतो. शांतताकाळातील नेहमीचा संरक्षणखर्च, त्यावरची भाववाढ आणि निव्वळ भारताच्या हिताची युद्धकामे यांचा भार भारताने उचलायचा. उरलेला युद्धखर्च ब्रिटनने भरून द्यायचा, असे नोव्हेंबर १९३९ मध्ये ठरले. कागदावर हा करार भारताच्या बाजूचा दिसतो. खोच होती ती परतफेडीच्या पद्धतीत.

७/
ती पद्धत अशी. आफ्रिकेत वा पश्चिम आशियात लढणाऱ्या फौजेला तंबू, कापड, बूट, धान्य, दारूगोळा हवा. भारत सरकार तो माल भारतातच रुपयांत खरेदी करी. तेवढे पौंड ब्रिटिश सरकार लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावे जमा करी. रिझर्व्ह बँक त्या पौंडांच्या तारणावर मुंबईत नव्या नोटा काढी, आणि त्या नोटांतून गिरणीवाल्याचे, ठेकेदाराचे, शिपायाचे पैसे भागत. माल जहाजात चढून देशाबाहेर गेला. नोटा देशात राहिल्या. पौंड लंडनमध्ये राहिले, आणि युद्ध चालू असेतो त्या पौंडांनी ब्रिटनकडून घेण्याजोगा माल जवळजवळ नव्हताच.

८/
आता आकडे. ऑगस्ट १९३९ मध्ये रिझर्व्ह बँकेकडील स्टर्लिंग सुमारे ६४ कोटी रुपयांचे होते. १९४५-४६ च्या अखेरीस ते १,७०० कोटींच्या पुढे गेले, म्हणजे सुमारे १३० कोटी पौंड. याच काळात चलनातील नोटा सुमारे १८० कोटी रुपयांवरून १,१०० कोटींच्या वर गेल्या. सहा वर्षांत सहापट नोटा, आणि त्या नोटांनी घेण्याजोगा माल मात्र फौजेकडे वळल्याने सामान्य बाजारात पूर्वीपेक्षा कमी. भाव कोठे जाणार, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

९/
ब्रिटनच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने नोंदवली पाहिजे. याच स्टर्लिंगमधून भारत सरकारने लंडनमधील आपले जुने कर्ज जवळजवळ सगळे फेडले. ही रक्कम ३० कोटी पौंडांहून अधिक होती, आणि १,७०० कोटींच्या आकड्यात ती धरलेली नाही. ती आधीच वळती झाली होती. शंभर वर्षे लंडनचा ऋणको असलेला भारत ब्रिटनचा सर्वांत मोठा धनको झाला. दादाभाई नौरोजींच्या पिढीला हे स्वप्नातही खरे वाटले नसते. पण या उलथापालथीची किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्या नावावर लंडनमध्ये काहीच जमा झाले नाही.

१०/
नोटांच्या मागचे तारण या काळात कायद्याच्या दृष्टीने उत्तम होते. ४० टक्क्यांची अट कधीच मागे पडली होती आणि तारणाचा बहुतांश भाग स्टर्लिंगचा झाला होता. विनिमयाचा दर १ शिलिंग ६ पेन्सवरून ढळला नाही. आणि तरीही रुपयाची बाजारातील ताकद निम्म्याहून कमी झाली. तारण वाढत गेले, तसतशी नोट हलकी होत गेली. आंबेडकरांनी १९२३ मध्ये दाखवलेला दोष हाच होता. परदेशात ठेव वाढते आहे, एवढ्यावर नोटा काढत राहिले, तर ती ठेवच महागाईचे यंत्र बनते.

११/
त्या यंत्राचा सर्वांत भीषण परिणाम बंगालमध्ये दिसला. डिसेंबर १९४२ मध्ये कलकत्त्यात तांदळाचा भाव मणाला १३-१४ रुपये होता. ऑगस्ट १९४३ मध्ये तो ३७ रुपयांवर गेला. भूमिहीन मजूर, कोळी, होडीवाले, खेड्यातील कारागीर यांची मजुरी त्या वेगाने वाढली नाही. तांदूळ बाजारात असूनही तो घेण्याची ऐपत त्यांच्यापाशी उरली नाही. सरकारी दुष्काळ चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज १५ लाख दिला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज २० ते ३० लाखांपर्यंत जातात.

१२/
बंगालचा दुष्काळ केवळ स्टर्लिंगमुळे पडला, असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तेथील तांदूळ थांबला. ऑक्टोबर १९४२ च्या चक्रीवादळाने मेदिनीपूर उद्ध्वस्त केले. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने किनारपट्टीतील होड्या काढून घेतल्या. प्रांतांनी धान्य बाहेर जाऊ दिले नाही. धान्यासाठी पुरेशी जहाजे देण्यास लंडनने टाळाटाळ केली. या सर्वांच्या तळाशी युद्धखर्चाची महागाई होती. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये ही संगती स्पष्ट मांडली : युद्धाच्या पैशाने ज्यांचे उत्पन्न वाढले त्यांनी धान्य ओढून घेतले, ज्यांचे वाढले नाही ते उपाशी मेले.

१३/
११ ऑगस्ट १९४३ रोजी, म्हणजे बंगालचा भाव शिखरावर असताना, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर पदावर आले : चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे. त्यांच्या हाती बँक आली, पण खर्चाचा निर्णय आला नाही. लंडनने पौंड जमा करायचे आणि बँकेने रुपये द्यायचे, ही साखळी कायद्याने व युद्धाने बांधलेली होती. सोने विकून, सरकारी कर्जरोखे खपवून बाजारातील नोटा काही प्रमाणात शोषून घेतल्या गेल्या. आधी युद्धाची गरज भागवायची आणि मग महागाईकडे पाहायचे, हा क्रम ठरवण्याचा अधिकार मुंबईत नव्हता.

१४/
तिकडे लंडनमध्ये वेगळीच कुरबुर सुरू होती. भारताचे येणे फुगत चाललेले पाहून पंतप्रधान चर्चिल अस्वस्थ होते. भारताचे जपानपासून रक्षण केले, त्याचा प्रतिदावा मांडून हे देणे कमी करावे, असा सूर त्यांनी लावून धरला. भारतमंत्री लिओ अ‍ॅमेरी यांनी त्याला विरोध केला. १९३९ चा करार ब्रिटननेच केला आहे, तो युद्धाच्या मध्यावर मोडता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. करार औपचारिकपणे मोडला गेला नाही. पण देणे पूर्ण द्यायचे की नाही, हा प्रश्न त्यानंतर कायम अधांतरी राहिला.

१५/
ब्रिटनची बाजू अगदीच पोकळ नव्हती. युद्धाअखेर सर्व देशांचे मिळून त्याच्यावर सुमारे ३५० कोटी पौंडांचे असे देणे होते. त्यात भारताचा वाटा सर्वांत मोठा. इजिप्त त्याच्या मागे. निर्यात बुडालेली, कारखाने झिजलेले. एवढे देणे एकदम फेडणे त्याला शक्यच नव्हते. भारताने माल चढ्या भावाने विकला, असाही त्यांचा आरोप होता. पण तो भाव चढवला कोणी? खरेदीदार ब्रिटन, पैसे देण्याची पद्धत ब्रिटनची, त्यामुळे आलेली महागाईही त्याच पद्धतीची. ती महागाई सोसणाऱ्यालाच तिचा दोष देणे, हा न्याय उफराटा आहे.

१६/
भारतात या येण्यावर मोठ्या आशा बांधल्या जात होत्या. १९४४ मध्ये मुंबईच्या उद्योगपतींनी ‘बॉम्बे प्लॅन’ प्रसिद्ध केला : पंधरा वर्षांत १०,००० कोटी रुपयांची गुंतवणूक करून देशाचे दरडोई उत्पन्न दुप्पट करण्याचा आराखडा. त्यातील १,००० कोटी स्टर्लिंग ठेवींतून येतील, असे गृहीत धरले होते. हिशेब सरळ होता. युद्धात कारखान्यांची यंत्रे अहोरात्र चालून झिजली, रेल्वेचे रूळ आणि डबे झिजले. युद्ध संपल्यावर या पैशांतून नवी यंत्रे आणायची.

१७/
याच आराखड्याचे एक कर्ते ए. डी. श्रॉफ जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात होते, देशमुखही होते. नव्या नाणेनिधीने या गोठलेल्या येण्यांची सोडवणूक करावी, निदान काही भाग डॉलरमध्ये बदलून मिळावा, अशी भारताची मागणी होती. श्रॉफ यांनी भारताची अवस्था एका दृष्टान्ताने सांगितली : बँकेत दहा लाख डॉलर आहेत, पण टॅक्सीचे भाडे द्यायला खिशात पैसे नाहीत, असा माणूस. ब्रिटनच्या वतीने उत्तर द्यायला केन्सच उभे राहिले. हा प्रश्न संबंधित देशांनी आपापसांत सोडवावा, ब्रिटन आपले देणे सन्मानाने फेडील, असे त्यांनी सांगितले. मागणी फेटाळली गेली.

१८/
डिसेंबर १९४५ मध्ये अमेरिकेने ब्रिटनला ३७५ कोटी डॉलरचे कर्ज दिले. त्या करारात भारतासारख्या धनकोंच्या येण्याचीही वाटणी केली होती : काही भाग लगेच मोकळा करायचा, काही १९५१ पासून हप्त्यांनी द्यायचा आणि काही ‘समायोजित’ करायचा. ‘समायोजन’ या सभ्य शब्दाचा अर्थ सूट असा होता. करार दोन देशांत झाला; सूट देणारा तिसरा देश त्या मेजावर नव्हता. भारतीय जनमत या सूचनेवर खवळले, आणि सरसकट कपात शेवटी झाली नाही. ते टळणे हे भारताच्या वाटाघाटींचे मोठे यश मानले पाहिजे.

१९/
स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी, १४ ऑगस्ट १९४७ रोजी, भारत आणि ब्रिटन यांच्यात हंगामी करार झाला. बँक ऑफ इंग्लंडमध्ये रिझर्व्ह बँकेची दोन खाती करण्यात आली. क्रमांक १ चे खाते वापरायचे. क्रमांक २ चे गोठलेले. त्या वेळची शिल्लक सुमारे ११६ कोटी पौंड होती. त्यातून वापरासाठी ६.५ कोटी पौंड मिळाले. पैकी ३ कोटी तर खाते चालू ठेवण्यापुरते खेळते होते. ध्वज बदलला त्या रात्री देशाच्या परकीय ठेवीचा नव्वद टक्क्यांहून मोठा भाग कुलपात होता, आणि त्याची किल्ली लंडनकडे होती.

२०/
जुलै १९४८ मध्ये पुढचा करार झाला. अर्थमंत्री षण्मुखम चेट्टी तेव्हा लंडनला गेले होते. त्यात भारताच्या येण्यातून दोन मोठ्या रकमा वळत्या झाल्या. ब्रिटिश फौजेने मागे ठेवलेले सामान आणि बांधकामे यांची किंमत म्हणून १० कोटी पौंड. आणि भारतात नोकरी करून परतलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी वर्षासने खरेदी करायला सुमारे १६.८ कोटी पौंड. दोन्ही मिळून रुपयांत होतात सुमारे ३५७ कोटी. म्हणजे शिखरावरच्या रकमेचा पाचवा भाग, यंत्र किंवा गहू यांपैकी काहीही न येता हिशेबातून उतरला.

२१/
वर्षासनांचा मुद्दा थांबून पाहण्यासारखा आहे. निवृत्तिवेतन ही कायदेशीर जबाबदारी होती आणि ती भारताने नाकारली नाही. पण फरक पाहावा. अधिकाऱ्यांचे पुढील सुमारे साठ वर्षांचे देणे आगाऊ, एकरकमी सुरक्षित झाले. भारताचे येणे मात्र हप्त्यांवर गेले. पुढील तीन वर्षांत त्यातून मोकळे होणार होते आणखी ८ कोटी पौंड. एकाच बँकेतील दोन दावेदार. राज्य करून गेलेल्याला लगेच. माल देऊन बसलेल्याला सवडीने.

२२/
थांबण्याचीही किंमत असते. युद्धकाळात या रकमेवर मिळणारे व्याज जेमतेम १ टक्क्याच्या आसपास होते आणि ब्रिटनमधील भाव त्याहून कितीतरी वेगाने चढत होते. मग सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले : ४.०३ डॉलरचा पौंड २.८० डॉलरवर आला. भारतानेही रुपया तेवढाच उतरवला, म्हणून रुपयांतील आकडा तोच दिसत राहिला. पण अमेरिकेचा गहू वा अमेरिकी यंत्रे घेण्याच्या दृष्टीने त्या ठेवीची ताकद एका घोषणेने सुमारे ३० टक्के घटली. ‘समायोजन’ करारातून टळले होते. ते अशा वाटेने झाले.

२३/
आता ‘उधळपट्टी’कडे. मार्च १९५१ अखेर रिझर्व्ह बँकेची परकीय मालमत्ता सुमारे ९०० कोटी रुपये होती. म्हणजे शिखरापासून निम्मी रक्कम पहिली पंचवार्षिक योजना सुरू होण्याआधीच गेली होती. पाकिस्तानचा वाटा वेगळा झाला. ३५७ कोटी वर सांगितल्याप्रमाणे वळते झाले. उरलेला खर्च मुख्यतः फाळणीनंतरच्या तुटवड्याच्या वर्षांतील धान्य, कच्चा माल आणि झिजलेल्या यंत्रांच्या जागी नवी यंत्रे यांवर झाला. उपाशी देशाने आपल्याच येण्यातून धान्य आणणे याला उधळपट्टी म्हणायचे असेल, तर तो शब्द निदान बंगालच्या आठवणीपुढे उच्चारू नये.

२४/
टीकेला खरी जागा आहे ती नंतरच्या काळात. दुसऱ्या योजनेने पाच वर्षांत २०० कोटी रुपयांची परकीय शिल्लक वापरायची ठरवली होती. प्रत्यक्षात सुमारे ६०० कोटी गेले. १९५६-५७ मध्ये आयातीचे परवाने हिशेबाबाहेर वाटले गेले. १९५६ मध्ये ४० टक्क्यांची जुनी अट काढून ४०० कोटींचे परकीय रोखे आणि ११५ कोटींचे सोने अशी किमान मर्यादा घातली. तीही पेलेना, म्हणून १९५७ मध्ये ती एकूण २०० कोटींवर आणावी लागली. १९५८ मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने मदत देणाऱ्या देशांची बैठक बोलवावी लागली. ही नियोजनाची चूक होती. ती सांगावी, पण आकडा १,७०० कोटींचा सांगू नये.

२५/
लंडनच्याच दुसऱ्या एका ठेवीची कथा मराठवाड्यातील वाचकांना जवळची वाटेल. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादवर पोलीस कारवाई होत असताना निजामाच्या लंडनमधील खात्यातून सुमारे १० लाख पौंड पाकिस्तानचे तेथील उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या खात्यात वळवले गेले. निजामाने ते परत मागितले. बँकेने मालकी ठरेपर्यंत कोणालाच देण्यास नकार दिला. ही मालकी ठरायला ७१ वर्षे लागली. ऑक्टोबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा रक्कम सुमारे ३.५ कोटी पौंड झाली होती. त्या पैशात ज्या रयतेचा घाम होता, तिची दुसरी-तिसरी पिढी तोवर म्हातारी झाली होती.

२६/
ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. १९७९ मध्ये अमेरिकेने इराणच्या ठेवी गोठवल्या. २०२१ मध्ये अफगाणिस्तानच्या मध्यवर्ती बँकेचे न्यू यॉर्कमधील सुमारे ७०० कोटी डॉलर अडकले. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाच्या सुमारे ३०,००० कोटी डॉलरच्या परकीय ठेवी पाश्चात्त्य देशांनी रोखल्या. या प्रत्येक प्रकरणाचा न्याय-अन्याय वेगळा. ते सारखे नाहीत. एक धडा मात्र समान आहे. परदेशी बँकेतील ठेव कितीही मोठी असो, ती वापरायला मिळेल की नाही हे शेवटी त्या बँकेच्या देशातील सरकार ठरवते. रिझर्व्ह बँकेने २०२३-२४ मध्ये ब्रिटनमधील सुमारे १०० टन सोने देशात आणले, ते या पार्श्वभूमीवर वाचावे.

२७/
म्हणून परकीय ठेवींकडे पाठ फिरवावी, असा याचा अर्थ नाही. परदेशाशी व्यापार करणाऱ्या देशाला परदेशात पैसा ठेवावाच लागतो. पण गंगाजळीच्या आकड्यावर खूश होण्याआधी तीन प्रश्न विचारण्याची सवय हवी. हा पैसा कोणत्या वाटेने जमला? तो जमताना देशात किंमत कोणी मोजली? आणि गरज पडेल त्या दिवशी तो काढण्याची मुभा कोणाच्या हाती आहे? १९३९ ते १९४७ या काळात या तिन्ही प्रश्नांची उत्तरे भारताच्या विरुद्ध होती. तरीही ताळेबंद सुदृढ दिसत होता.

२८/
स्टर्लिंगचा खजिना ब्रिटिशांनी दिला नव्हता. ते त्यांच्याकडचे आपले येणे होते. ते उशिरा, तुकड्यातुकड्यांनी, किंमत घटल्यावर आणि वजावट होऊन मिळाले, तरी बरेचसे मिळाले. त्याचे श्रेय वाटाघाटी करणाऱ्या पिढीला द्यावे, आणि दुसऱ्या योजनेतील चुकीचा दोषही त्याच पिढीला. पण या येण्याचे मूळ धनको वेगळे होते. १९४३ मध्ये मणाला ३७ रुपये देऊ न शकलेल्या माणसांच्या पोटातून ती रक्कम उभी राहिली. लंडनच्या किंवा मुंबईच्या कोणत्याही खात्यात त्यांचे नाव नव्हते. पुढच्या वेळी १,७०० कोटींचा आकडा समोर आला, की वाद घालण्याआधी त्यांची नोंद करावी.

(मालिका समाप्त)